किलोभर बुंदीला ‘खाण्याचा रंग’ नेमका किती? (आणि माझे गुलाबी हात)

लाडूवाली (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, आधीच सांगते.

मी घरून दिवाळीचा फराळ करून देते, आठ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इकडचं. यंदा दिवाळीपाठोपाठ एका लग्नघरची पंचवीस किलो बुंदीच्या लाडवांची ऑर्डर आली. नमुना म्हणून अर्धा किलो पाठवला. निरोप आला, "चव झकास, पण रंग आजारी माणसासारखा आहे. सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, मिळतात तसे केशरी हवेत."

आजवर मी हळदीची चिमूट आणि चार काड्या केशर यापलीकडे गेले नाही. पण पंचवीस किलो हातचे सोडवेनात. बाजारातून दोन पुड्या आणल्या, एक केशरी आणि एक गुलाबी (चिरोट्यांच्या पदरांसाठी). दुकानदाराने बरणीतून चमच्याने काढून वर्तमानपत्रात बांधून दिल्या. नाव विचारलं तर म्हणे, "खाने का ही है भाभीजी, सब यही ले जाते हैं."

गुलाबी पुडी उघडताना जराशी ओट्यावर सांडली. ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि फडकं, ओटा, बोटं, सगळं राणी रंगाचं झालं. आज तिसरा दिवस. साबण, लिंबू, बेसन सगळं लावून झालं, नखांच्या कडा अजून गुलाबीच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हाताला इतकं, मग आतड्याला किती?" तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तर विचारायचं असं की सरकारमान्य रंग कोणते, किलोला किती चालतो, आणि या पुड्यांचं काय करू?

भिया_बोले

ताई, इंदूरमध्ये रंग एकदा गेरच्या मिरवणुकीत अंगावर आणि वर्षभर सराफ्यात पोटात. आपण आतून-बाहेरून रंगपंचमीवाले लोक. 😄

दोन_पोरांची_आई

हसण्यावारी नेऊ नका हो. माझ्या धाकट्याची जीभ वाढदिवसाच्या केकनंतर दोन दिवस निळी होती. लाडूवालीताई, तुम्ही निदान विचारताय तरी.

निवृत्त_रसायनवाला

ताई, चाळीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी रंग ओळखण्यात. क्रमाने सांगतो.

आपल्याकडे खाद्यपदार्थांत घालायला आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल: पॉन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे: टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळे: इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरवा एकच, फास्ट ग्रीन. बाजारातला ‘केशरी’ रंग म्हणजे बहुधा सनसेट यलो, नाहीतर त्यात टार्ट्राझिनची भर. पाकिटावर नाव नसलं तर क्रमांक बघा. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पॉन्सो, १२७ एरिथ्रोसिन, १३२ इंडिगो कार्माइन, १३३ ब्रिलियंट ब्लू, १४३ फास्ट ग्रीन.

मिठाईसाठी मर्यादा तयार पदार्थाच्या किलोला १०० मिलीग्रॅम. दोन रंग मिसळले तर दोन्ही मिळून १००, प्रत्येकी नव्हे. इथे भलेभले चुकतात.

तुमच्या कागदातल्या पुडीवर नाव नाही आणि क्रमांकही नाही, म्हणजे ती या आठांतली आहे हे सांगणारं कोणी नाही. पहिली गोष्ट, ती वापरू नका. बाकीचं मागाहून.

कढईवाला

राम राम. आमच्याकडे तीन पिढ्या आचारीकाम. खरं सांगू? कारागीर रंग मोजत नाही. घोळ डोळ्यांनी बघतो, बोट बुडवून झाऱ्यावर टिपका पाडतो आणि "अजून थोडा" म्हणतो. घोळात दिसतो त्यापेक्षा तळल्यावर रंग फिका वाटतो, म्हणून हात सैल सुटतो. जिलबीचं तर त्याहून वाईट. काही ठिकाणी कालचा पाक आज गरम करून पुन्हा चढवतात. पाकात कालचा रंग असतोच, त्यावर आज परत. सात दिवसांच्या पाकात किती रंग जमा झाला याचा हिशोब कारागिराकडे नाही आणि मालकाकडेही नाही.

आणि दोष सगळा आमच्यावर नको. पोह्यांबरोबर फिकी जिलबी ठेवून बघा, गिऱ्हाईक म्हणतं शिळी आहे.

निसर्ग_हाच_देव

कृत्रिम म्हणजे विषच. पेट्रोलपासून बनतात हे रंग. आमच्या आज्या हळद घालायच्या, कुणाला काही झालं नाही. सगळ्यांवर सरसकट बंदी घाला, विषय संपला.

निवृत्त_रसायनवाला

पेट्रोल नव्हे, पेट्रोलियममधून निघणारी रसायनं, आणि त्याआधी डांबर. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने क्विनीन बनवायला घेतलं आणि हाती लागला जांभळा रंग. तिथून ही सगळी वंशावळ. पण कशापासून बनलं यावरून विषारीपणा ठरत नाही. लेड क्रोमेट हा चकचकीत पिवळा रंग जमिनीतल्या खनिजातही सापडतो, आणि हळकुंडांना झळाळी यावी म्हणून तो चोळल्याची प्रकरणं झाली आहेत. त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला घातक. आज्यांची हळद घरात कुटलेली होती हो.

तेव्हा ‘नैसर्गिक की कृत्रिम’ हा वाद बाजूला ठेवू. दोन वेगळे धोके आहेत, त्यांची सरमिसळ नको. मान्य रंग प्रमाणाबाहेर पडणं हा एक. कापडाचा, कागदाचा, चामड्याचा रंग खाण्यात येणं हा दुसरा. मेटॅनिल यलो, ऑरामिन, ऱ्होडामिन बी ही या दुसऱ्या घरातली नावं. स्वस्त, भडक, आणि चिमटीत दोन्ही सारखेच दिसतात. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेने बाजारातले नमुने तपासले, त्यातही हेच दुहेरी दुखणं निघालं होतं. कुठे अमान्य रंग, कुठे मान्य रंगाचा अतिरेक.

दोन_पोरांची_आई

म्हातारीच्या केसांत सापडला तोच का हा ऱ्होडामिन?

निवृत्त_रसायनवाला

तोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने त्यावरून तशा म्हातारीच्या केसांवर बंदी आणली. मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत म्हातारीचे केस आणि गोबी मंचुरियनमधला कृत्रिम रंग दोन्ही बंद केले.

लाडूवालीताई, तीन दिवस न निघणारा राणी रंग वाचून मला तीच शंका आली, म्हणून विचारतो. ती पुडी अजून आहे ना? टाकू नका. कणभर घेऊन काचेच्या पेल्यात भरपूर पाण्यात विरघळवा, गुलाबाच्या सरबताहून फिकं. पेला उन्हात धरून बाजूने बघा. पाणी स्वतःच पेटल्यासारखं नारिंगी-गुलाबी चमकतं का? एरिथ्रोसिनसुद्धा थोडा चमकतो, त्यामुळे हा पुरावा नव्हे.

आणि एक जुना प्रयोग, आमच्याकडे रोजचा होता. रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, पांढऱ्या लोकरीचा वीतभर धागा त्यात पाच-सात मिनिटं उकळा, मग नळाखाली धुवा. मान्य कृत्रिम रंग लोकरीला धरून बसतात. पण मेटॅनिल यलोही तसाच बसतो, त्यामुळे यावरून मान्य-अमान्य ठरत नाही. प्रयोगशाळेत पुढे अमोनियाच्या पाण्यात तो रंग लोकरीतून सोडवतात आणि गाळणकागदावर चढवून वेगळा करतात. प्रत्येक रंग आपापल्या उंचीवर थांबतो, त्यावरून ओळख पटते. (जुनी भांडी वापरा, नंतर त्यात स्वयंपाक नको.)

तोपखाना_ते_न्यूजर्सी

इकडे अमेरिकेत सध्या याच विषयाचा गदारोळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या अन्न-औषध प्रशासनाने रेड थ्री, म्हणजे आपल्या आठांतला एरिथ्रोसिन, खाद्यपदार्थांतून रद्द केला. कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत. गंमत म्हणजे लिपस्टिक-पावडरमधून तो १९९० लाच काढला होता. ओठाला लावायचा नाही पण चेरीतून खायचा, अशी पस्तीस वर्षं गेली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला तेव्हा कुठे गाडी हलली.

मग भारतात अजून का चालतो? आपण काय कचराकुंडी आहोत?

निवृत्त_रसायनवाला

एवढं सरळ नाही. तिथल्या कायद्यात एक कलम आहे, डिलेनी कलम म्हणतात. प्राण्यात किंवा माणसात कर्करोग होतो असं दिसलं की त्या रंगाला परवानगी नाही, मग मात्रा कितीही असो. एरिथ्रोसिन भरपूर प्रमाणात दिल्यावर नर उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी झाल्या. ज्या संप्रेरकांच्या गडबडीतून त्या झाल्या ती उंदरांतली खासियत आहे, माणसात तसं घडत नाही, हे रद्द करणाऱ्या खात्यानेच लिहिलं आहे. कायद्याला पळवाट नव्हती, म्हणून रद्द.

युरोपचा मार्ग निराळा. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एकूण सहा रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेंझोएट घातलेली पेयं दिली. काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. युरोपच्या तज्ज्ञांना पुरावा तोकडा वाटला, तरी जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या वेष्टनावर ‘मुलांच्या वागण्यावर व लक्षावर परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना सक्तीची झाली. सहापैकी चार आपल्या आठांत आहेत: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो. आपल्याकडे ‘मान्यताप्राप्त कृत्रिम खाद्यरंग आहे’ एवढंच छापावं लागतं. मुलांबद्दलची ती ओळ इथेही यावी असं माझं मत. सुट्या मिठाईला वेष्टनच नसतं हा भाग वेगळा.

दोन_पोरांची_आई

काका, माझा धाकटा पंधरा किलोचा आहे. त्याने जिलबी किती खावी, सरळ सांगा की.

निवृत्त_रसायनवाला

सरळ सांगतो. प्राण्यांमध्ये ज्या मात्रेला काहीही त्रास दिसला नाही तिला साधारण शंभराने भागून रोजची सुरक्षित मात्रा काढतात. सनसेट यलोची आहे वजनाच्या किलोला ४ मिलीग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला दिवसाला ६०. जिलबी नियमात असेल, किलोला १०० मिलीग्रॅम, तर शंभर ग्रॅम जिलबीत १० आले. म्हणजे एका दिवसात सहाशे ग्रॅम खाल्ली तर मर्यादेला टेकेल. त्याआधी पोट बिघडेल.

आता कढईवाल्यांच्या ‘अजून थोडा’ने तीच जिलबी चौपट रंगाची झाली असं धरा. मग दीडशे ग्रॅममध्येच मर्यादा गाठली. वर लाल सरबत, केक, गोळ्या.

सगळे रंग सारखे नाहीत हेही लक्षात घ्या. पॉन्सो ४आर या लाल रंगाची युरोपने ठरवलेली मात्रा किलोला ०.७ मिलीग्रॅमच आहे. तुमच्या मुलाला दिवसाला साडेदहा. नियमात बसणारा लाल पदार्थ शंभर-एकशेपाच ग्रॅम खाल्ला की झालं. म्हणून मी नातवंडांना केशरी जिलबी सणाला देतो, लालभडक काही देत नाही. दम्याच्या किंवा अंगावर गांध्या उठणाऱ्या माणसाने टार्ट्राझिनपासून जपावं, काहींना ते सोसत नाही.

सराफा_रात्रपाळी

आमचं दुकान सराफ्यातच, दिवसा सोनं. रात्री शटर खाली आलं की पायरीवर दुसऱ्याचा तवा लागतो. 😀

१०० मिलीग्रॅम वाचून हसू आलं. आमच्याकडची जुनी गुंज म्हणजे १२१ मिलीग्रॅमच्या आसपास. ९६ गुंजांचा तोळा. म्हणजे किलोभर मिठाईला एक अख्खी गुंजसुद्धा रंग नाही! आजोबांच्या डबीत लाल-काळ्या गुंजा अजून आहेत, ताईंनी येऊन बघाव्यात. चिमूट काट्यावर टाकून बघू किती भरते. बटरपेपर मात्र घरून आणा, काट्यावर रंग सांडला तर वडील मला विकतील.

कढईवाला

एक गुंज?? आमच्याकडे पाच किलो घोळाला चहाचा चमचा सपाट भरून पडतो.

निवृत्त_रसायनवाला

तो साधारण तीन ग्रॅमचा, म्हणजे किलो घोळाला सहाशे मिलीग्रॅम. पाक शोषल्यावर तयार जिलबीचं वजन वाढतं, तेवढं पातळ होईल, तरी मर्यादेत येणं अवघड. आणि पाकात परत रंग घालत असाल तर बोलायलाच नको.

वकील_जुनी_इंदूर

कायद्याचं थोडक्यात. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे, अंमल ऑगस्ट २०११ पासून. यादीबाहेरचा रंग आढळला तर तो पदार्थ ‘असुरक्षित’ या व्याख्येत जातो, तिथे दंडाबरोबर कैदही आहे. लाडूवालीताई, घरगुती असलात तरी विकताय म्हणजे कायद्याने तुम्ही ‘खाद्य व्यावसायिक’. नोंदणी नसेल तर आधी ती करा. उद्या नमुना उचलला तर दुकानदाराने काय सांगितलं होतं हे कुणी ऐकणार नाही, पुडी तुमच्या ओट्यावर सापडलेली असेल.

कलम ४० फारसं कुणाला माहीत नाही. साधा ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. अहवाल चौदा दिवसांत.

२०११ च्या नियमांची मूळ यादी वाचताना मला आपला माळवाच दिसतो. कृत्रिम रंग कोणत्या नमकीनमध्ये चालेल? दालमोठ, मोंगिया, फूलगुलाब, साबुदाणा पापड, दालबिजी, ‘फक्त’. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला नक्की कुणीतरी आपल्याकडचा डबा पाठवला असणार.

भिया_बोले

आणि शेव? शेवेचं नाव नाही??

वकील_जुनी_इंदूर

त्या ओळीत नाही. हळद, तिखट, मसाल्यांत तर वरून रंग घालायचाच नाही. शेवेला बेसन आणि हळदीचाच रंग पुरेसा आहे हो.

लाडूवाली

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दिसले नाही कारण प्रयोग चालू होते. घरचे म्हणतात फराळ सोडून हिने कारखाना काढला.

काल दुपारी सराफ्यात जाऊन आले. (दादा, तुमच्या वडिलांनी चहा पाजला, रागावले नाहीत.) बटरपेपरवर माझी नेहमीची चिमूट टाकली, दोन बोटांची, तीन नव्हे. काटा ३८० मिलीग्रॅमवर थांबला. परत टाकली, ३५०. पलीकडे डबीतून एक गुंज काढून ठेवली, वाटाण्याच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणजे ‘चिमूटभर’ म्हणत मी किलोला तीन गुंजा घातल्या असत्या.

आता लोकर. कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या लोकरीचा गुंडा आणला. दोन जुन्या पातेल्यांत दोन्ही रंग, व्हिनेगर, धागा, सात मिनिटं उकळी. केशरी पातेल्यातला धागा धुतला तर जवळजवळ पांढराच! मला इतका आनंद झाला, म्हटलं बिनधोक आहे. गुलाबी पातेल्यातला मात्र जो राणी झाला तो झाला, साबणानेही ढिम्म नाही. उन्हात पेला धरला तर काका म्हणाले तशी कडेला नारिंगी झाक पेटते.

मग केशरी वापरू ना?

निवृत्त_रसायनवाला

थांबा थांबा. कृत्रिम केशरी रंगाने लोकर सोडायला नको होती. त्या गुंड्यातला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरडली जाणारी काळी राख होते, की वितळून टोकाला कडक मणी होतो?

लाडूवाली

मणी! प्लास्टिकसारखा वास. काका, हे काय?

निवृत्त_रसायनवाला

ती लोकर नव्हे, ॲक्रिलिक. बाजारात ‘लोकर’ म्हणून बहुतेक तेच मिळतं, चूक तुमची नाही. माझीच, सांगायला हवं होतं.

पण नकळत तुम्ही माझ्याहून चांगला प्रयोग केलात. आपले आठही मान्य रंग आम्लधर्मी घराण्यातले. ते खऱ्या लोकरीवर, रेशमावर चढतात, ॲक्रिलिकला फारसे धरत नाहीत. ॲक्रिलिक रंगवतात ते दुसऱ्या, आम्लारिधर्मी घराण्याच्या रंगांनी, आणि ऱ्होडामिन बी त्यातलाच. तुमच्या केशरीने ॲक्रिलिक सोडलं यावरून तो कोण ते काहीच कळलं नाही. मेटॅनिल यलोही असाच सोडेल. पण गुलाबी ॲक्रिलिकला घट्ट बसला आणि उन्हात पेटतो, तर तो आठांतला असण्याची आशा मी सोडतो. पुरावा प्रयोगशाळाच देईल, पण माझ्या घरच्या चिरोट्यांत मी तो पडू देणार नाही.

दोन_पोरांची_आई

अंगावर काटा आला. स्वेटरचा रंग चिरोट्यात!

निसर्ग_हाच_देव

मी काय म्हणत होतो?

वकील_जुनी_इंदूर

तुम्ही आठही बंद करा म्हणत होतात. हा नववा आहे.

कढईवाला

ताई, गुलाबी चिरोट्याला बीट वापरू नका, तळताना तपकिरी होतं. हात पोळून शिकलोय. पांढरेच करा, वर पिठीसाखर आणि गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या. बुंदीला शेंद्रीच्या बिया बघा. मंद गरम तुपात दहा मिनिटं ठेवून गाळल्या की तूप भगवं होतं. बिया जाळू नका, कडवटपणा येतो. ते तूप मोहन म्हणून घोळात घालायचं.

निवृत्त_रसायनवाला

शेंद्री नियमांतल्या नैसर्गिक रंगांच्या यादीत आहे. केशर, हळदीतला करक्युमिन, कॅरोटीन, कॅरॅमल हेही आहेत.

कृत्रिमच वापरायचा झाला तर नाव-क्रमांक-बॅच छापलेलं बंद पाकीट घ्या आणि पूड कधी थेट टाकू नका. एक ग्रॅम काट्यावर तोलून १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिलीलिटर म्हणजे १०० मिलीग्रॅम. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण चालतं. किलो मोजायचा तो तयार लाडवांचा, बेसनाचा नव्हे. तुम्ही ५ मिलीलिटरवर थांबा. नुसत्या हळदीच्या बुंदीवर तेवढाही उठून दिसतो.

लाडूवाली

शेवटचं कळवते, मग उद्यापासून कढईपुढे.

तीन घाणे केले, अर्ध्या-अर्ध्या किलोचे. एक नेहमीचा हळद-केशराचा, एक शेंद्रीच्या तुपाचा, एक बंद पाकिटातल्या ११० नंबरचा, काकांच्या मापाने किलोला ५ मिलीलिटर. तिन्हींवर चिठ्ठ्या लावून लग्नघरी घेऊन गेले. नवरीची आई केशरी म्हणाली, नवरीने शेंद्रीचा उचलला. तिचे आजोबा एका कोपऱ्यात बसून हळदीवाल्याचे तीन खाऊन मोकळे झाले. ठरलं ते असं: पंधरा किलो शेंद्रीचे, दहा हळदीचे, आणि डब्यांवर ‘कृत्रिम रंग नाही’ लिहायचं. शेंद्रीसाठी किलोला वीस रुपये जास्त मागितले, नाक मुरडून दिले.

चिरोटे पांढरेच. सासूबाईंनी पदर मोजले, बाकी काही बोलल्या नाहीत. म्हणजे पास.

त्या दुकानात जाऊन बरणीबद्दल विचारलं. बरणी दिसली नाही. "कौन सी बरनी?" म्हणाला.

आता केशरी-गुलाबी पुड्या फडताळात वरच्या कप्प्यात, ‘विष’ लिहून. त्यांचं काय करू?

भिया_बोले

ठेवा की, मार्चमध्ये गेर आहे. 😁

निवृत्त_रसायनवाला

अजिबात नाही, ते अंगालाही नको. आणि मोरीत ओतू नका, शेजाऱ्यांची गटारं राणी होतील. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीवाल्याला घरातल्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाकायला सांगा, बॅटऱ्या आणि जुनी औषधं टाकतात त्यात. ओल्यात नको, त्याचं खत होतं.

लाडूवाली

गाडीवाला विचारत होता, "इसमें क्या है?" म्हटलं, लाडूचा रंग. म्हणाला, "आंटी, रंग फेंक दिया तो लड्डू कैसे बिकेंगे?"